टेम्पो परत येताना

मैना बावीस वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिची भाषा कळायची ती एकट्या तिच्या आईला, कलाबाईला. पोलक्याची शिवण टोचली की मैना मान वाकडी करायची, पाहुण्यांचा गलका वाढला की बोटं चावायला लागायची. कलाबाई बघायची आणि गोष्ट हाताबाहेर जाण्याआधीच तिला शेवंतीच्या वाफ्याकडं घेऊन जायची. कलाबाईचा नवरा फकिरा मळ्यात राबायचा. लेकीचं सगळं बायकोवर सोपवून तो मोकळा होता.

अठ्ठ्याण्णव साली कलाबाईला कावीळ झाली. शेजारच्या वाल्मीकच्या टेम्पोतून ती रोज नाशिकच्या फुलबाजारात जायची, त्याच टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. तिथूनच अमरधामला नेलं. मैनाला गर्दी सोसत नाही म्हणून तिला घरीच ठेवलं होतं.

त्यानंतर मैना चौकटीवर डोकं आपटायला लागली. रोज, सकाळीच. फकिरा तिला कवेत धरून बसायचा. कपाळ फुटायचं, त्याचा सदरा लाल व्हायचा. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याची थोरली बहीण भिमाबाई म्हणाली, "कलाचा जीव अडकलाय. त्र्यंबकला जाऊन विधी कर." फकिरानं तोही केला. फरक पडला नाही.

मग कलाबाई बघायची तसं तो बघायला लागला. टेम्पो फुलं घेऊन निघायचा तेव्हा मैना गप्प असायची. टेम्पो रिकाम्या पाट्या घेऊन परतला की सुरू व्हायचं. हॉर्नला भीत असंल, असं त्याला वाटलं. वाल्मीकनं हॉर्न बंद केला, तरी तेच.

एके दिवशी वाल्मीकची बायको शुभांगी बाजाराहून टेम्पोत पुढं बसून आली. कलाबाई नेसायची तसलं हिरवं लुगडं बघून मैना हसत धावली, तिनं शुभांगीचा हात धरला. मग वर तोंडाकडं पाहिलं. हात सोडून ती तिथंच मातीत बसली आणि स्वतःचं मनगट चावायला लागली.

फकिराला उभ्या उभ्या रडू फुटलं. "आई उतरंल म्हणून बघती रं ती," तो वाल्मीकला म्हणाला. "रोज बघती."

तिला सांगायचं कसं, हे त्याला सुचेना. हातवारे केले, कलाबाईचा फोटो दाखवला, त्याला हार घातला. मैनानं हार काढून फुलं मोजल्यासारखी एकेक करून ओळीनं मांडली. शेवटी त्यानं टेम्पो घरापासून लांब, कालव्याच्या पाटापाशीच थांबवायला सांगितला. पाट्या तो डोक्यावरून घरी आणायला लागला.

डोकं आपटणं हळूहळू थांबलं. त्र्यंबकचा गुण आला, असं भिमाबाई चारचौघांत सांगत राहिली.

"बरं झालं, पोरगी शांत झाली," वाल्मीक एकदा पाट्या उतरवताना म्हणाला.

"झाली," फकिरा म्हणाला. "आता दाराशीच येत नाय. कुणाचीच वाट बघत नाय ती. माझी बी नाय."