फुगडीतली जोडीदारीण

आमच्या डोंबिवलीत श्रावण जवळ आला की मंगळागौरीचे खेळ करणारे ग्रुप गल्लोगल्ली उगवतात. आमचा त्यातला जुना. चौदा बायका, बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या, पण ठाणे असो की कल्याण, कुठल्याही सोसायटीच्या हॉलमध्ये तीन तास धिंगाणा घालणार. फुगडीला माझी जोडी ठरलेली, माझी थोरली जाऊ, म्हणजे आमच्या वहिनी. बावीस वर्षं तीच. घरात आमचं भांड्याला भांडं लागायचं, फुगडीत मात्र आम्हाला तोड नव्हती.

फुगडीत पाय जुळवायचे, हात फुलीसारखे धरायचे आणि अंग मागे झोकून द्यायचं. त्या वेळी तुमचा तोल तुमच्याकडे नसतोच, समोरचीच्या हातात असतो. आणि तिचा तुमच्या.

गेल्या चैत्रात माझ्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी लावून दिली. "मांड्या दुखल्या, पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं हं," असंही बजावलं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. दोन महिन्यांत मांड्या ठणकायला लागल्या. भाजीवालीपुढे उकिडवी बसले की उठताना तिच्या टोपलीचा काठ धरायची. सरावाआधी आम्ही सगळ्या एका पायावर उभ्या राहायचो. पूर्वी वीस म्हणेपर्यंत मी हलायची नाही, आता पाचालाच भिंत गाठायची.

मग सांगायला काय धाड भरली होती? तर आमच्या ग्रुपची रीत. जिचे पाय कुरकुरायला लागले तिला पेटीशेजारी बसवतात, गाणी म्हणायला. अगदी मायेने बसवतात, पण बसवतातच. आणि माझा आवाज म्हणजे कावळा परवडला! मला नव्हतं बसायचं. म्हणून मूग गिळून गप्प राहिले. नवऱ्यालाही बोलले नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तो घरातल्या प्रत्येक कुरकुरीची सर्व्हिसिंग काढतो.

आषाढात कोलशेतच्या एका नव्या टॉवरमधून बोलावणं आलं आणि सरावाला जोर चढला. त्या दुपारी आमची फुगडी अशी रंगली होती की बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. "अगं घे ना, अजून घे!" वहिनी ओरडल्या. मी वेग घेतला आणि माझी उजवी मांडी एकदम गेली. पाय वाकला तशी मी घाबरले, हात सोडले आणि खिडकीचा गज पकडला. मी वाचले. वहिनी मागे फेकल्या गेल्या त्या थेट मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अजून ऐकते.

"कुणीतरी पाणी सांडलं असणार मेलं," एकजण म्हणाली. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझीच पकड सुटली गं. तुला लागलं नाही ना?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "नाही, मला काही नाही झालं." बस्स, एवढंच म्हणाले. हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले. ते चांगलेच चिडले. रक्त तपासलं, ती गोळी थांबवली, पुढे वेगळी आणि कमी ताकदीची दिली. महिन्याभरात माझे पाय ताळ्यावर आले. वहिनींचा हात मात्र प्लास्टरमध्ये, आणि डोक्यात एकच. "माझा आता भरवसा नाही. उद्या तुलाच पाडायचे." कोलशेतच्या कार्यक्रमात त्या आपण होऊन पेटीशेजारी जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, तू खेळ. मी खेळले नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं, म्हणजे खरं सांगायला हवं होतं तेव्हा गप्प बसले आणि आता खोटं बोलले.

प्लास्टर निघाल्यावर एकदा दुपारी त्यांच्याकडे गेले. त्या चेंडू दाबत बसल्या होत्या, मनगटाचा व्यायाम. बोटं नीट मिटत नव्हती. मी बसलेही नाही, दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गोळी, मांड्या, पेटीशेजारी बसायची भीती. हात मी सोडले, तुमची पकड सुटली नव्हती, हेही.

मला वाटलं, आता फाडून खातील. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तीस वर्षं आम्ही आमटीतल्या मिठावरून भांडलोय, या गोष्टीवरून भांडायचा तर त्यांना हक्कच होता. त्यांनी चेंडू बाजूला ठेवला.

"वेडी आहेस का गं," म्हणाल्या, "मला एकटीला तरी सांगायचंस. मी हळू फिरले असते तुझ्याबरोबर."