दोन झटक्यांत येणारा एमॉस

इंग्लंडातल्या स्वेलडेलच्या खोऱ्यात एमॉस कीअर्टन म्हणजे मेंढ्यांचा देवमाणूस. पण वेळेच्या बाबतीत त्याचा शब्द कुणी खरा धरत नसे. "आलोच, कोकराच्या शेपटीचे दोन झटके!" म्हणून जो जाई, तो दिवेलागणीलाच उगवे. तसं तिकडं सगळेच म्हणायचे. दुधाला लागलेलं कोकरू शेपटी अशी भिरभिर हलवतं, की पापणी लवायच्या आत दोन झटके होऊन जातात. म्हणून चुटकीसरशी होणाऱ्या कामाला हीच बोली. एमॉसचं कोकरू तेवढं निराळं होतं.

टपाल कचेरीतली हेस्टर आल्डरसन त्याच्यापायी पुलावर ताटकळली होती, प्रार्थनेला जाताना चॅपलच्या दारात गारठली होती. तिची आई म्हणे, "कर त्याच्याशी लग्न. तो चॅपलला पोचेल तोवर मी काठी टेकत येईन तांदूळ उधळायला."

तरी एप्रिलातल्या एका रविवारी आईनं त्याला चहाला बोलावलं. महायुद्ध संपलं तरी साखर अजून मापातच मिळे. ती साठवून साठवून तिनं फळांचा केक केला होता, सोबतीला तिकडच्या रीतीनं चीजचा तुकडा. एमॉस आला तो केस ओले करून, चापून बसवून. चहा ओतला न ओतला, तोच त्याची नजर खिडकीतून डोंगराकडं गेली.

"काकू, झाकून ठेवा. एक मेंढी बघून येतो. दोन झटके!"

गेला. चहाचं गार पाणी झालं. "मोजतेस ना गं झटके?" आई म्हणाली. हेस्टर ताडकन उठली. आज सोक्षमोक्षच लावायचा, म्हणून चांगले बूट चिखलात घालत ती टेकाडावरच्या गोठ्यात पोचली.

एमॉस वाळल्या गवतात गुडघ्यांवर बसला होता. पुढ्यात एक मेंढी, पाठ फिरवून उभी; आणि एक मरतुकडं कोकरू, अंगात दुसऱ्याच कोकराचं कातडं घातलेलं.

"एमॉस, हे बघ–"

"श्श! हिचं पिल्लू सकाळी गेलं. हे पोरकं आहे. मेलेल्याचं कातडं याला चढवलंय. वास ओळखीचा वाटला तर पाजेल."

"आणि आमचा चहा?"

"शेपटी हलली की निघालोच. ती हलली म्हणजे दूध लागलं."

"म्हणजे तुझे दोन झटके..."

"झटक्यांना कुठं वेळ लागतो गं? पहिला सुरू व्हायलाच लागतो!"

हेस्टर तोंड उघडणार, तेवढ्यात मेंढीनं लाथ झाडली आणि कोकरू कोलमडलं. राग बाजूला ठेवून हेस्टरनं मेंढीची मान कवेत धरली. एमॉसनं कोकरू पुन्हा पुढं सरकवलं. मेंढीनं त्याला हुंगलं, परत हुंगलं, आणि घशातल्या घशात गुरगुरल्यासारखी मायेनं बोलली. कोकराचं डोकं तिच्या पोटाखाली गेलं. क्षणभर काहीच नाही. मग ती इवलीशी शेपटी सुटली, भिंगरीसारखी!

दोघंही खदखदून हसली.

"चल आता," एमॉस उठला.

"थांब ना जरा," हेस्टर म्हणाली. "पोट भरू दे त्याचं."

दारात धापा ऐकू आल्या. आई, हातात फडक्यात बांधलेला केक. "एकाला आणायला दुसरी गेली, आता दुसरीला शोधायला म्हातारीनं डोंगर चढायचा!" कोकराकडं लक्ष गेलं तशी ती तिथंच गवतावर बसून केक कापू लागली.

एमॉस घुटमळला. "काकू, खरं तर चहाच्या टेबलावर विचारणार होतो... हेस्टरबद्दल."

"मग तिलाच विचार की! मला कशाला?"

त्यानं विचारलं. हेस्टरच्या तोंडात केकचा मोठा घास होता, म्हणून तिनं नुसती होकाराची मान हलवली, जोरजोरात. जुलैत लोकर कातरून झाल्यावर त्यांचं लग्न लागलं, आणि आईनं साऱ्या गावाला घरच्या डुकराचं हॅम खाऊ घातलं.