भुवयांच्या मध्ये उजेड

योगाच्या बाई आज्ञाचक्र फार जीव लावून शिकवायच्या. खोलीत सतरंज्या पसरल्या की आधी सगळ्यांना जबडा सैल सोडायला लावत, मग कपाळ. लक्ष दोन भुवयांच्या मध्ये ठेवा, पण डोळे तिकडे ओढू नका, श्वासाला त्याच्या चालीने चालू द्या, असं सांगत. कुणी घाई केली तर म्हणत, तिथे काही दिव्याचं बटण नाही बसवलेलं. बायका हसत आणि हसता हसता कपाळं आपोआप सैल पडत.

त्यांच्या नवऱ्याच्या पदरात मात्र यातलं काही म्हणजे काही पडलं नव्हतं. घड्याळजी माणूस, दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून केसासारख्या बारीक स्प्रिंगांशी झटापट करायची. संध्याकाळी बाईंच्या आग्रहाखातर मागे भिंतीला टेकून बसत आणि हमखास डुलक्या काढत. बाई चारचौघींत त्यांना ‘आमचा दगड’ म्हणू लागल्या. तेही हसण्यावारी नेत. हसण्यावारी नेणाऱ्याला काही लागत नाही, हा आपला सगळ्यांचा सोयीचा समज.

एकदा वर्ग सुटल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, की हल्ली डोळे मिटले की उजेड चमकून जातो. बाईंच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. इतक्या वर्षांनी! त्यांनी नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. घाबरू नका, म्हणाल्या, चक्र जागं होतंय. उजेड मध्ये दिसतो की कडेला, एवढं विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या दिवसापासून बाई त्यांना आपल्या शेजारी बसवू लागल्या. सकाळी चहा घेताना काल काय दिसलं ते विचारत. दगड हा शब्द घरातून गेला. घड्याळजी रोज काहीबाही सांगत आणि बाई ऐकत राहत, लग्न नवं असताना ऐकत तशा.

मग एका दुपारी दुकानातून फोन आला. घड्याळजींना भिंगातून काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय; तो चमकणारा उजेड ही त्याचीच खूण होती. ऑपरेशन झालं, पण नजर काही परत आली नाही. वेळेवर आला असतात तर डोळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. डाव्या डोळ्याने घड्याळजींना ते बारीक काम कधीच जमलं नव्हतं. दुकान बंद झालं.

बाई त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडल्या. आपणच यांचा डोळा घालवला, हे त्यांच्या मनातून जाईना आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

“तू नाही,” घड्याळजी म्हणाले. “उजेडाचं तुला सांगितलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात एका बाजूने काळोख चढायला लागला होता. हे ध्यानाबिनाचं नाही, एवढं मला कळत होतं.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

त्यांनी डोळ्यावरच्या पट्टीची कड चाचपली.

“तू रोज सकाळी मला काय दिसलं ते विचारायचीस,” ते म्हणाले. “मला वाटलं, आणखी थोडे दिवस विचारू दे.”