मागच्या काचेवरचं नाव

कोल्हापुरात उद्यमनगरच्या कोपऱ्यावर तो गाड्यांवर रेडियमची नावं चिकटवायचा. त्याचं बोलणं रस्त्यापलीकडं ऐकू यायचं. मी मात्र नाव काढून घ्यायला गेलो होतो. गाडी विकली होती आणि घेणारा म्हणाला होता, मागच्या काचेवरचं नाव तेवढं काढून द्या.

"पोरीचं हाय न्हवं? ऱ्हाऊ दे की!" तो ओरडून म्हणाला.

"ती वारली. वर्ष झालं."

हातातलं ब्लेड त्यानं खाली ठेवलं. गरम पाण्याचं फडकं काचेवर धरून बसला आणि अंगठ्याच्या नखानं एकेक अक्षर सावकाश सोडवलं. मागं राहिलेला गम रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. शेवटी रोजच्या सवयीनं त्यानं काचेजवळ तोंड नेऊन हाऽ केलं. वाफेत तिच्या नावाची तिन्ही अक्षरं पुन्हा उमटली.

तो तसाच वाकून राहिला.

"गम ऱ्हायलाय थोडा, पावणं. अजून एक हात मारला की जाईल. मारू?"

मी त्या अक्षरांकडंच बघत होतो. वाफ विरली, काच पुन्हा कोरी झाली. त्यानं बोळा डब्यात टाकला.

"असू दे. ज्याला ठावं हाय, त्यालाच दिसतंय."

गाडी दुसऱ्या दिवशी जाणार होती. घरी आल्यावर गल्लीत कुणी नाही असं बघून मी मागच्या काचेशी वाकलो आणि हळूच हाऽ केलं.