हेन्रीची बाटली

उदगीरची शाळा सुटून जमाना झाला. तरी आम्ही दोघं-तिघं भेटलो की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो आणि घरचे जेवायला हाका मारत बसतात. निम्मे किस्से आमच्या वर्गातल्या बस्वराजचेच.

स्टेशनजवळ त्याच्या आप्पांचं गोटी सोड्याचं दुकान होतं. बस्वराज बारावीला केमिस्ट्रीत एकदा नापास झालेला. त्याला पुढं शिकायला लातूरला जायचं होतं. आप्पांनी सांगून टाकलं, "यंदाबी नापास झालास तर पुस्तक बंद. मशीनचं हँडल धरायचं."

*

त्याच साली लातूर जिल्हा झाला. पेंटरनं शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं. आप्पा पाटीखाली उभे राहून म्हणाले, "जिल्हा बदलला, आमचं पोरगं हाय त्याच वर्गात!"

*

जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. लॅबच्या नळाला पाणी नाही. आमचे केमिस्ट्रीचे हिरेमठ सर कोरडी परीक्षानळी उचलून म्हणायचे, "समजा, यात पाणी आहे." आम्ही समजायचो.

एकदा बस्वराजनं विचारलं, "सर, समजा प्यालो तर तहान भागंल का?" सर हसले आणि आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी त्याला दिलं.

*

वायू द्रवात कसे विरघळतात, हा धडा बस्वराजचा वैरी. दुकानात बाटल्या पुसता पुसता तो हेन्रीचा नियम घोकायचा आणि दर वेळी मध्येच अडायचा. आप्पा वैतागले, "कोण हाय रे ह्यो हेन्री? त्याच्यापायी पोरगं वाया चाललंय."

*

एका दुपारी सर सोडा प्यायला आले. टँकरचं पाणी तापलेलं, म्हणून आप्पांनी रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. सरांनी कारण विचारलं.

"गरम पाण्यात गॅस थांबत न्हाई, सर. पाणी गार पायजे. अन् गॅसच्या टाकीचा दाब चढवला की लई मुरतो."

सरांनी बाटली खाली ठेवली आणि बस्वराजला म्हणाले, "पुस्तक मिट. दाबाचं हेच हेन्री सांगतो. उद्यापासून आप्पांकडं बघ."

*

बोर्डाच्या पेपरात नेमका हेन्रीच्या नियमाचाच प्रश्न. बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "काय लिहिलंस?"

"आप्पा करतेत तेच लिवलं, सर. खाली हेन्रीचं नाव टाकलं."

सरांनी प्रश्नपत्रिकेची घडी घालून खिशात टाकली. आम्हाला वाटलं, गेला हा परत.

बस्वराज पास झाला. लातूरला निघाला त्या दिवशी आप्पांनी सरांना आणि आम्हा सगळ्यांना गार सोडा पाजला. फळीवर एक बाटली उरली. मी हात पुढं केला तर आप्पांनी तो धरला.

"ती न्हाई. ती हेन्रीची हाय."