आईचा आवाज डावीकडे

माझा प्रोसेसर घरात आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि बाबांनी विचारलं, "पायानं चालते म्हणजे सिलाई मशीन हाये का?"

गिटारचा प्रोसेसर म्हणजे पायाने दाबायच्या बटणांची एक लोखंडी पेटी. तिच्यात गिटारची वायर खुपसली की साधा सूर कधी विहिरीतून आल्यासारखा, कधी कढईत परतल्यासारखा बाहेर पडतो. वैशाली नगरातल्या एका सीनियरने नवा घेतला आणि जुना मला दिला. मी जुनवानीच्या कॉलेजात होतो. कॉलेजात जाणारा घरातला पहिलाच, म्हणून वायर असलेल्या प्रत्येक वस्तूतलं मला कळतं असा घरात समज होता. मी शिकत होतो कॉमर्स.

तरी व्हिडिओ बघूनबघून मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. रेकॉर्डिंग करताना साधा आवाज एका ट्रॅकवर घ्यायचा आणि इफेक्ट दुसऱ्या ट्रॅकवर. प्रतिध्वनी एकदा आवाजात मिसळला की बाहेर काढता येत नाही. वेगळा ठेवला तर नंतर हवा तेवढा घालता येतो. हे मी आईला बराच वेळ समजावलं.

"म्हणजे पाहुण्याच्या चहासारखं," ती म्हणाली. "साखर अलग ठेवाची."

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आईचं यात काम होतं. इथे हिंदी मुलखात, हुडको वसाहतीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या बायका दर कोजागिरीला क्लबच्या मैदानात भुलाबाई बसवतात. ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव, त्यात मातीचे भुलोजी-भुलाबाई, आणि समोर टिपऱ्या घेऊन मुली. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या तीच ओळ मागून म्हणतात. गाणी संपली की बंद डबा वाजवून दाखवायचा आणि आत कोणता खाऊ आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळी सांगणाऱ्या काकू त्या वर्षी मुलाकडे नागपूरला राहायला गेल्या. सगळी गाणी येणारी आता एकटी आईच उरली होती, आणि आई आयुष्यात कधी चारचौघांत एकटी गायली नव्हती. मंडळाच्या बायकांनी सांगितलं, तुम्ही नाही म्हटलं तर यंदा गरब्याची गाणी लावू, पोरींना तीच आवडतात.  दोन दिवसांनी दुपारी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुह्या मशीनमंधी मले भरता येते का? मशीन गाईन. मी मांगं बसून टाळ्या वाजवीन."

म्हणून आम्ही बसलो. प्रोसेसरला गिटारच्या वायरीचं एकच छिद्र. आधी मी गिटार वाजवून लॅपटॉपवर घेतली, मग त्याच छिद्रात जोड लावून माइक बसवला. आईने पदर नीट केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. माझं पाऊल चुकीच्या बटणावर होतं. भुलाबाईच्या माहेराचं गाणं असं काही गर्जलं की बाबा अर्धी दाढी घोटलेले बाहेर आले.

"काय फुटलं?"

"मी गाऊन राहिली," आई म्हणाली.

बाबा पोलादाच्या प्लांटात क्लार्क. आवाज खूप ऐकलेले. ते परत आरशाकडे गेले.

दुसऱ्या खेपेला जमलं. साधा आवाज आणि गिटार पहिल्या ट्रॅकवर, दोन्हींचा नुसता प्रतिध्वनी दुसऱ्यावर. पहिला ट्रॅक मी पूर्ण डावीकडे ठेवला, दुसरा पूर्ण उजवीकडे. इअरफोन लावला की एका कानात आई गायची आणि दुसऱ्या कानात कुठल्या तरी खोल विहिरीतून कोणी तिला उत्तर द्यायचं. मला ते इतकं आवडलं की मी दोन्ही मध्ये आणलेच नाहीत. तसंच ठेवलं.

शेवटी आई म्हणाली, खाऊचा डबा वाजल्याशिवाय रेकॉर्डिंग पुरं होत नाही. पण खरा खाऊ आधी वाजवायचा नाही, घरातल्यांनासुद्धा कळता कामा नये. बाबांनी स्कूटरच्या पुढचं लोखंडी लेगगार्ड धुवायला सोडवलं होतं. त्याचे नट-बोल्ट त्यांनी डब्यात टाकले आणि माइकसमोर मनापासून वाजवले.

कोजागिरीला संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन मैदानात गेलो. क्लबचं अँप्लिफायर आणि स्पीकरचे दोन मोठे डबे तयार होते, असं मला सांगण्यात आलं. मला दिसत मात्र एकच डबा होता. गर्दी झाली, आई ठरल्याप्रमाणे सगळ्यांत मागे सतरंजीवर जाऊन बसली, आणि मी बटण दाबलं.

डब्यातून काहीच आलं नाही. मग अगदी लांबून, पाण्याखालून आल्यासारखी, एका ओळीची शेपटी आली. मग दुसऱ्या ओळीची शेपटी. मुलींच्या टिपऱ्या थांबल्या.

"भैया, गाना कहाँ है? ये तो गाने के बाद का है," एक मुलगी म्हणाली.

मी वायरी चाचपत होतो, तेवढ्यात ऐकू आलं. मैदानाच्या भिंतीपलीकडे आई गात होती. स्वच्छ, सुकी, माझ्या गिटारसकट. भिंतीपलीकडे बंगाल्यांची लक्ष्मीपूजा असते, तीही कोजागिरीलाच.

क्लबचा साउंडवाला खुर्चीवर निवांत बसला होता. "दोनों तरफ प्रोग्राम है ना भैया. एक-एक डब्बा बाँट दिया. किसी को शिकायत नहीं."

डावा डबा लक्ष्मीकडे, उजवा भुलाबाईकडे. पलीकडे आई, इकडे तिचा प्रतिध्वनी.

दुरुस्ती सोपी होती. लॅपटॉपवर दोन्ही ट्रॅक मध्ये आणायचे, बस. मी गाणं चालूच ठेवून बोट तिथे नेलं. तेवढ्यात माझ्या मागून, सतरंजीवरून, कोणीतरी पुढची ओळ म्हटली. बसल्या बसल्याच, फार मोठ्याने नाही. आणि ओळ संपायच्या आत डब्यातून तीच ओळ विहिरीतून परत आली.

आईने पुढची सांगितली. विहिरीने ती मागून म्हटली.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पहिल्या रांगेतली एक चिमुरडी विहिरीबरोबर म्हणू लागली, मग तिची बहीण, मग सगळ्याच. ज्यांना शब्द येत नव्हते त्यांना डबा शब्द देत होता, थोडा उशिरा, पण देत होता. टिपऱ्या सुरू झाल्या. मी वळून पाहिलं. आई उभी होती. तिने माझ्या बोटाकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. राहू दे.

मी हात खिशात घातला.

ती सगळी गाणी गायली. एकदोनदा यंत्राच्या पुढे निघून गेली आणि विहिरीला धाप लागल्यासारखी झाली. एका गाण्यात ती कडवं विसरली, तेव्हा डब्याने आधी म्हटलं आणि आई त्याच्या मागून गेली. मंडळाची एक काकू माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बढिया केलं रे बेटा. हे असं बनवाले किती दिवस लागले?"  मी म्हटलं, "शिकून राहिलो, काकू."

मग रेकॉर्डिंगमधला खाऊ वाजला. मी तो विसरलोच होतो. आमच्याकडे त्याचा नुसता घुमारा आला.

"लाही!"

"मुरमुरे!"

"पानी है, पानी!"

"पाणी कोणी डब्ब्यात देते का वो," कोणी आजी म्हणाली.

आईच्या हातातल्या खऱ्या डब्यात तिखट शंकरपाळे होते. ती तो वाजवणार, एवढ्यात भिंतीपलीकडून एक दणदणीत पुरुषी आवाज आला. त्यांना सुका आवाज मिळाला होता.

"अरे, नट-बोल्ट है! नट-बोल्ट!"

 बाबा खुर्चीवरून उठले. "बरोबर हाये," ते म्हणाले.

आमच्यात नियम असा की ओळखेल त्याला पहिला खाऊ. थोड्या वेळाने एक बंगाली काका नारळाच्या लाडवांची थाळी घेऊन आले, गाणाऱ्या बाईंना भेटायला. "भाभीजी, इतना साफ गला! पर आपकी तरफ से इतना गूँजता क्यों था?" आईने त्यांना शंकरपाळे दिले. मुलींनी हट्ट धरला की ओळखलेला खाऊही द्यायलाच हवा. बाबा घरी गेले आणि नट-बोल्ट पळसाच्या द्रोणात घालून घेऊन आले. काकांनी द्रोण दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि नट-बोल्ट खिशात टाकले. प्रसाद परत कसा मागणार? बाबांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका पुढच्या वर्षाचं पक्कं करायला आल्या. मी विचारलं, मशीन लावायची का. आई चहा गाळत होती. "गिटार लाव," ती म्हणाली. "मले नको भरू. मी येईन."

लेगगार्ड बाबांनी तारेने बांधलंय. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली की ते खुळखुळायला लागतं, आणि आई ओट्यापाशी उभी राहून म्हणते, "आला खाऊ."