विलासला वर कोणी बोलावलं

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या सेक्शनला उत्तरेकडच्या एका पोस्टवर चढवलं. पोस्टचं नाव सांगत नाही. सांगायची परवानगी नाही, आणि सांगून तुम्हाला कळणारही नाही. तीन बंकर, एक मशीनगन, एक रेडिओ सेट, रॉकेलचे जरीकॅन आणि आम्ही नऊ जण. मी रेडिओ ऑपरेटर होतो. लोकांना वाटतं, सीमेवर रोज गोळीबार चालतो. आमचे बहुतेक दिवस बर्फ उपसण्यात आणि तोच बर्फ वितळवून पाणी करण्यात जायचे.

पोस्ट कमांडर होते हवालदार शिमोन सोनवणे. शिंदखेडा तालुक्यातले, ख्रिस्ती. मी नशिराबादचा, पण आजोळ अमळनेरकडचं, म्हणून अहिराणी लहानपणापासून तोंडात बसलेली. बाकीची पोरं साताऱ्याची, कोल्हापूरची, बेळगावची. आम्ही दोघं बोलायला लागलो की ती कपाळाला हात लावायची. "हे मराठी आहे का गुजराती?" असं एकानं विचारलं तर शिमोनभाऊ म्हणाले, "तुले कळनं नई ना? मंग बरं शे." पुढे जे झालं ते या बोलीमुळे झाकलं जाऊ शकत होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

शिमोनभाऊंची एक सवय होती. शनिवारी दुपारी हत्यारं साफ झाली की ते बंकरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे. डोळे मिटलेले, ओठ बंद. चहा गार झाला तरी उठायचे नाहीत. आम्ही चेष्टा करायचो, "हवालदारसाहेबांचं किट इन्स्पेक्शन चाललंय." त्यांना राग येत नसे. उलट तो शब्द त्यांना आवडला.

एकदा मी विचारलं, हे नक्की काय करता. ते म्हणाले, आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस. त्याला हात लावण्याआधी माणसानं आपली झडती आपण घ्यायची. काय केलं, आणि कशासाठी केलं. इथे चर्च नाही, पण झडती चुकवून चालत नाही.

"म्हणजे देव विचारणार?"

"इचारी. एकला उभा करीसन इचारी. तठे सीनियर नई, ज्युनियर नई."

मी म्हणालो, आमच्याकडे चित्रगुप्त आहे. तो सगळं लिहून ठेवतो, आपण कशाला डोकं शिणवायचं? ते मनापासून हसले. माणूस गंभीर होता, पण रडका नव्हता.

डिसेंबरात त्यांची रजा मंजूर झाली. कितीतरी वर्षांनी नाताळ घरी होणार होता. त्यांच्या जागी पोस्ट ताब्यात घ्यायला खालून नाईक विलास पाटील निघाला. विलास भडगाव तालुक्यातला, गिरणेकाठचा. कंपनीतला अहिराणी बोलणारा तिसरा गडी. घरून पार्सल आलं की आधी आम्हाला वाटून मग स्वतः खाणारा. या वेळीही त्याच्याकडे घरचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड होते, आणि ते रेडिओवरून मला सांगून त्यानं माझा जीव टांगणीला लावला होता.

विलास दोन जवानांना घेऊन सकाळी निघाला. मध्ये एक नाला लागतो. दोन्ही बाजूंचे उतार बर्फानं लदलेले. तो नाला ऊन चढायच्या आत ओलांडायचा, हा नियम. त्या दिवशी वाटेत बर्फ मऊ लागला आणि त्यांना उशीर झाला. नाल्याच्या अलीकडे एक तंबू होता, तिथे पोचायलाच दुपार झाली. तेवढ्यात कंपनीकडून सगळ्या रेडिओ सेटवर संदेश आला.

"ऑल स्टेशन्स. अ‍ॅव्हलांच वॉर्निंग. मूव्हमेंट बंद. जो जहाँ है वहीं रुके. ओव्हर."

मी "ओके, ओव्हर" दिलं. विलासनंही दिलं. ते मी कानानं ऐकलं.

आता रजेची गोष्ट समजून घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मोठ्या हिमवर्षावाचा अंदाज होता. विलास त्याच संध्याकाळी वर आला तर शिमोनभाऊ पहाटे खाली निघू शकत होते. तो रात्री तंबूत थांबला तर चार्ज देण्या-घेण्यात वाट बंद होणार, आणि नाताळ पुन्हा बर्फात. पोस्टवर रॉकेल कमी झालं होतं हे खरं. पण भागण्याइतकं होतं, हेही खरं.

थोड्या वेळानं विलासनं सेटवर अहिराणीत विचारलं, "शिमोनभाऊ, येऊ का ऱ्हाऊ?"

शिमोनभाऊंनी माझ्या हातातला हँडसेट घेतला. बाहेर उताराकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ये रे भाऊ. बरफ आजून कडक शे. काई व्हत नई. तू ऊना का मी निंघस."

"मंग आतेच निंघनू," विलास म्हणाला.

मी शेजारी बसलो होतो. स्टॉप ऑर्डरची आठवण करून देणं माझं काम होतं. मी काही बोललो नाही. मलाही तो यायला हवा होता.

नाल्याच्या मधोमध विलास पुढे होता, दोघं बरेच मागे. वरचा उतार सुटला. आम्ही बंकरमधून फक्त आवाज ऐकला, ट्रकमधून खडी ओतावी तसा. मागचे दोघं काठावर फेकले गेले आणि वाचले. आम्ही फावडी घेऊन उतरलो. शिमोनभाऊ सगळ्यांच्या पुढे होते. विलास सापडला तेव्हा त्याच्या तोंडात बर्फ भरला होता. तो शिमोनभाऊंनी बोटांनी काढला, आणि काढतच राहिले. शेवटी आम्ही त्यांना धरून बाजूला केलं. तो मेला आहे हे आम्हाला सापडल्या क्षणीच कळलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी खाली कंपनीत बसली. रजा रद्द झालेलीच होती. नाताळच्या दिवशी लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, शिमोनभाऊंसाठी मुद्दाम शिरा केला होता. त्यांनी ताटाला हात लावला नाही. पूर्ण दिवस कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही.

प्रश्न एकच होता. स्टॉप ऑर्डर मिळाल्यावर नाईक विलास पाटील का निघाला? वाचलेले दोघं सांगत होते की विलाससाहेब सेटवर बोलले आणि म्हणाले, चला. काय बोलले ते त्यांना कळलं नव्हतं. कंपनीच्या ऑपरेटरनं लॉगमध्ये लिहिलं होतं, स्थानिक भाषेत संभाषण. म्हणजे ते बोलणं कळणारी आता दोनच माणसं उरली होती, शिमोनभाऊ आणि मी.

आधी मला बोलावलं. चौकशीच्या अध्यक्ष मेजरसाहेबांनी विचारलं, "तुम वहाँ थे. क्या बात हुई?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्यात म्हणतात. मी मूठ झाकली. म्हणालो, "सर, विलासने बर्फ का हाल पूछा. हवालदारसाहब ने बताया. फिर वो अपनी मर्जी से निकला."

मनात हिशेब सोपा होता. विलास गेला, त्याला आता काय फरक पडणार? शिमोनभाऊ जिवंत होते, त्यांना बायको-पोरं होती, नायब सुभेदारी तोंडाशी आली होती. विलासच्या कागदावर स्वतःच्या बेपर्वाईनं मृत्यू असं येणार, पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव लागणार नाही, आणि भडगावला त्याच्या बापाला कुणीतरी सांगणार की तुमचा मुलगा हुकूम मोडून मेला, हे मला दिसत होतं. दिसत असून मी सही केली.

बाहेर येऊन मी शिमोनभाऊंना सगळं सांगितलं. वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इतकंच म्हणाले, "तू मन्हासाठे मरेल माणूसले गुन्हेगार करं."

मेलेल्या माणसाला मी गुन्हेगार केलं होतं. मग ते आत गेले. मला दाराशीच थांबवलं होतं, म्हणून मी ऐकलं.

"सर, मैंने बुलाया. विलास ने पूछा था, आऊँ या रुकूँ. मैंने कहा, आ जा."

मेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. ते सावकाश म्हणाले, "हवालदार, पोस्ट पर तेल कम था. रिलीफ जरूरी था. तुमने ऑपरेशनल जरूरत देखकर फैसला लिया. ऐसा ही है ना?"

सुटकेचं दार उघडं होतं. नुसतं "यस सर" म्हणायचं होतं. दोष अर्धा झाला असता, आणि तेल कमी होतं हे तर खोटंही नव्हतं. मी बाहेर उभा राहून मनात म्हणत होतो, म्हणा, म्हणा.

"नो सर. तेल काफी था. मुझे नाताळ पे घर जाना था."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे ठीक, पण भांडं तरी किती वर धरायचं? रात्री मी त्यांना तसं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "साहेबनी इचारं, तू काय करं. जो मले पुढे इचारनार शे, तो इचारी, काबर करं. त्याले काय तेलनं सांगू? त्यानाच सनले जावानं व्हतं मले." काबर म्हणजे कशासाठी, सन म्हणजे सण. मग तोंड फिरवून रडले. एरवी कडक असलेला माणूस असा रडताना मला बघवला नाही, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यांची पट्टी उतरली, नायब सुभेदारी गेली. मला पुन्हा बोलावलं. मी दुसरं निवेदन दिलं. सीनियरच्या धाकानं पहिलं निवेदन दिलं असं माझ्या बाजूनं लिहिलं गेलं. तसा धाक कुणी घातला नव्हता. पण मला ती पळवाट मिळाली आणि मी ती घेतली. विलासचं नाव मात्र पलटणीच्या दगडावर लागलं.

उन्हाळ्यात रजेवर आलो तेव्हा शिमोनभाऊंनी मला जळगावला गाठलं. "भडगावले जावानं शे. संगे चाल." मला जायचं नव्हतं. पलटणीचं पत्र गेलं होतं, त्यात मुलगा कर्तव्य बजावताना गेला असं लिहिलं होतं. मी म्हटलं, आता सगळं झाकलं गेलंय, म्हाताऱ्याची जखम कशाला उकरता? ते म्हणाले, "पत्रमा कोन बलावं ते नई लिखेल."

विलासचे वडील ओसरीवर बसले होते. गाव त्यांना आबा म्हणतं. कपाशीची लागवड तोंडावर होती, दारात बियाण्याच्या पिशव्या. आम्हाला पाणी दिलं, चहा आला. शिमोनभाऊंनी कप खाली ठेवला.

"आबा, विलासनी चूक नई व्हती. थांबानी ऑर्डर व्हती. मी त्याले वर बलावं. मले नाताळले घर जावानं व्हतं, म्हनीसन."

आबांनी शिमोनभाऊंच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "गया का मंग घर, नाताळले?"

"नई, आबा."

"मंग काय भेटनं तुले?"

आबा उठले आणि गोठ्यात गेले. बाहेर आले नाहीत. आम्ही वाट बघून निघालो. मी त्या ओसरीवर चहा प्यालो होतो आणि एक शब्द बोललो नव्हतो.

त्यानंतर शिमोनभाऊ दर वर्षी विलासच्या स्मृतिदिनाला भडगावला जायचे. आबा पाणी द्यायचे. बसा म्हणायचे नाहीत, जाही म्हणायचे नाहीत. निवृत्तीनंतर धुळ्याला एका गोदामावर वॉचमन होते, तिथूनही जायचे. एकदा मी म्हटलं, म्हातारा माफ करणार नाही. ते म्हणाले, माफी मागायला मी जातच नाही. केलेलं माझं आहे, एवढंच दाखवायला जातो.

गेल्या वर्षी शिमोनभाऊ कावीळ होऊन गेले. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावात दफन झालं. पाळकांनी प्रार्थना केली. माजी सैनिक म्हणून आम्ही चार जण मेडल लावून उभे होतो. पेटी खाली सोडली, लोक एकेक मूठ माती टाकू लागले. तेवढ्यात रस्त्याकडून काठी टेकत आबा आले. एसटी बदलत आले होते. वय ऐंशीच्या पुढे.

ते कबरीच्या काठाशी थांबले. माती नाही उचलली. कबरीकडे काठी दाखवून माझ्याकडे वळले.

"हाऊ मले सांगाले ऊना, तवय तू बी बठेल व्हता मन्हा ओसरीवर."

"हा, आबा."

"त्या दिन रेडिओजोगे बी तू व्हता का?"

"व्हतू."

"मंग साहेबनी तुले इचारंच व्हई. काय सांगं तू?"

लोक बघत होते. शिमोनभाऊंची बायको बघत होती. इतकी वर्षं मी ही हकीकत अनेकांना सांगितली, शाळांमधून सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती शिमोनभाऊंच्या खरेपणाची म्हणून सांगितली. माझा भाग मी त्यातून सफाईनं कापून टाकायचो. आज इथे पहिल्यांदा तो लिहिला आहे.

"खोटं सांगं, आबा. विलास सोताना मननं निंघना, असं सांगं. तुमना पोऱ्यावर ढकली दिधं."

आबांनी वाकून मूठभर माती घेतली. शिमोनभाऊंवर टाकली. दुसरी मूठ भरून माझ्या हातात दिली.

"आते टाक," ते म्हणाले.